लोअरिंग स्प्रिंगा : लावल्या, वापरल्या, उतरवल्या

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. लोअरिंग स्प्रिंगा म्हणजे गाडी खाली बसावी म्हणून मूळ स्प्रिंगांच्या जागी टाकायच्या आखूड स्प्रिंगा. माझ्या वाईट नाहीत. पोलाद चांगलं आहे, रंग टिकला, आवाज आला नाही आणि गाडी देखणी दिसली. तरी त्या आता माझ्या गाडीत नाहीत, खोक्यात आहेत, आणि गाडी पुन्हा कारखान्याच्या मूळ उंचीवर उभी आहे. पाचपैकी तीन तारे. दोन का कापले ते पुढे येईलच. त्याहून जास्त लिहायचंय ते खाली घेतलेली गाडी पुन्हा वर आणण्याबद्दल, कारण त्यावर कोणी धड बोलत नाही. "जुन्या स्प्रिंगा परत टाकल्या की झालं" एवढ्यावर सगळ्यांची गाडी थांबते.

गाडी टोयोटा ८६. टोयोटा आणि सुबारू यांनी मिळून २०१२ साली बाजारात आणलेली. दोन लिटरचं बॉक्सर इंजिन, ताकद मागच्या चाकांना. सिलिंडर आडवे असल्यामुळे वजन मुळातच खाली आहे. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब, आणि मागे डबल विशबोन, म्हणजे चाकाला धरणारे वरखाली दोन आर्म. म्हणजे खाली घेतल्यावाचून वळणं घेता येणार नाहीत अशी ही गाडी मुळीच नव्हे. मग लावल्या कशाला? दिसण्यासाठी. टायरच्या डोक्यावर मडगार्डपर्यंत जी फट दिसते ती मला पहिल्यापासून खटकायची. यात लाजण्यासारखं काही नाही. बरेच जण हँडलिंगचं नाव पुढे करतात आणि फोटो मात्र बाजूनेच काढतात.

संच चार स्प्रिंगांचा, मूळ शॉकअपवरच बसणारा. प्रोग्रेसिव्ह वळणाचा, म्हणजे वरचे वेढे जवळजवळ आणि खालचे लांब. थोडा भार आला की जवळचे वेढे आधी मिटतात आणि पुढे स्प्रिंग कडक होत जाते. खोक्यावर लिहिलं होतं : पुढे २५ मिमी, मागे २५ मिमी. कंपनीचं नाव मी घेणार नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि ती एकाच संचाच्या अनुभवावरची आहे.

आता मोजमाप. माझं पोट मोजमापावरच चालतं, मायक्रोमीटर आणि डायल गेज हातात घेऊन दिवस जातो. त्यामुळे "दोन बोटं खाली आली" असली भाषा मला मानवत नाही. गाडीची उंची जमिनीपासून मोजू नये. टायरमधली हवा कमीजास्त असते, टायर झिजतो, जमीन सपाट नसते. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावं. चारही चाकांचे आकडे, टाकीत इंधन किती, गाडीत कोण बसलंय, सगळं लिहून ठेवावं. आणि जॅकवरून उतरवल्या उतरवल्या तर मोजूच नये. हवेत लटकताना चाकं आत ओढली गेलेली असतात. खाली टेकताना टायर जमिनीला धरून बसतात, बाहेर सरकत नाहीत, म्हणून गाडी खोटी उंच दिसते. चार पावलं पुढे, चार पावलं मागे ढकलावी, दोन्ही टोकं दाबून हलवावीत, मग टेप लावावी.

असं सगळं नीट करून, स्प्रिंगा बसल्यावर काही आठवड्यांनी घेतलेले आकडे : पुढे ३१ मिमी खाली, मागे २२. खोक्यावरचे पंचवीस-पंचवीस कुठे गेले? नाक खाली, शेपूट वर. बघणाऱ्याला आवडतं असं दिसणं, पण मी ते विकत घेतलं नव्हतं. कंपनीला आकड्यांसकट लिहिलं. उत्तर आलं की गाडीगाडीत फरक असतो. असतो ना! म्हणून तर आकडा किती कमीजास्त होऊ शकतो ती मर्यादा (टॉलरन्स) खोक्यावर छापायची असते. एक तारा इथेच गेला.

चालवायला पहिले काही दिवस मजा आली. स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच वळतं, गाडी कलत नाही, सगळं कसं घट्ट वाटतं. पण या घट्टपणातलं उंचीचं योगदान किती आणि स्प्रिंगच्या कडकपणाचं किती, हे वेगळं करून पाहिलं पाहिजे. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं ते गाडीचं वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. समजा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५० मिमीवर आहे आणि तो २५ मिमी खाली आला, तर हे स्थलांतर साडेपाच टक्क्यांच्या आसपास कमी होतं. फायदा खरा आहे, पण लहान आहे. टायर बदलले तर याहून मोठा फरक पडतो.

आणि त्या लहान फायद्याच्या बदल्यात मॅकफर्सन स्ट्रट आपली वसुली करतो. या रचनेत चाकाच्या खालच्या बाजूला, चाक चेसिसला जोडणारा एक लोअर आर्म असतो. तो साधारण आडवा असेल तोवर सगळं छान. गाडी खाली घेतली की आर्मचं चाकाकडचं टोक वर जातं, चेसिसकडचं खाली राहतं. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर या आर्मच्या कोनावर अवलंबून असतो. तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली उतरतो. गुरुत्वमध्य २५ मिमी उतरला तर रोल सेंटर त्याहून बराच खाली जाऊ शकतो. दोघांमधलं अंतर वाढलं म्हणजे गाडीला कलवणाऱ्या जोराला लांब दांडा मिळाला. थोडक्यात, पुढच्या बाजूने गाडीला जास्त कलावंसं वाटतं, आणि ते दाबून ठेवायला स्प्रिंग जास्त कडक करावी लागते. खाली घेणारी प्रत्येक चांगली स्प्रिंग कडक असते याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं म्हणजे कमी उरलेल्या जागेत गाडी तळाला आपटू नये. त्याच कोनामुळे चाक वर दाबलं जाताना मिळणारा कॅम्बर (चाकाचा उभा कल; वरची बाजू आत कलली की उणे) कमी होतो आणि टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीचा, कोन आर्मशी जुळेनासा होतो. खड्ड्यावरून जाताना चाकं आपण न सांगता किंचित दिशा बदलतात, त्याला बंप स्टिअर म्हणतात. दोन्ही गोष्टी मला स्टिअरिंगवर जाणवल्या. भयंकर नाहीत. एका हाताने निवांत चालवायची गाडी दोन हातांनी धरावी लागते, इतकंच.

खरी कमाई गेली ती प्रवासाची, म्हणजे शॉकअपच्या दांड्याला वर दबायला जी मोकळी जागा असते तिची. ती बघायची एक फुकट युक्ती आहे. रबरी बूट वर सरकवा, दांड्यावर प्लॅस्टिकची झिप टाय घट्ट बांधा, ती शॉकअपच्या तोंडापर्यंत खाली सरकवून ठेवा आणि नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवून या. दांडा जितका आत गेला तितकी झिप टाय वर ढकलली जाते. मूळ स्प्रिंगांवर माझी झिप टाय बंप स्टॉपच्या, म्हणजे दांडा पूर्ण दबण्याआधी धक्का झेलणाऱ्या फोमच्या तुकड्याच्या, अलीकडे थांबली होती. नव्या स्प्रिंगांवर ती सरळ बंप स्टॉपच्या फोमला चिकटलेली सापडली, फोमवर तिची खूण उमटलेली. आणि हा ट्रॅक नव्हे, रोजचा रस्ता.

बंप स्टॉप वाईट असतो असं नाही. तोही एक स्प्रिंगच आहे, आणि आजकालच्या गाड्यांत तो हिशोबात धरलेलाच असतो. पण वळणाच्या मधोमध, बाहेरचं चाक आधीच दबलेलं असताना खड्डा आला, तर त्या कोपऱ्यात कडकपणा एका क्षणात कितीतरी वाढतो. टायर रस्त्याला चिकटण्याऐवजी त्यावरून उडी घेतो. पुढे झालं तर नाक बाहेर सरकतं. मागे झालं तर काय होतं ते मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीवाल्यांना वेगळं सांगायला नको. दुसरी गोष्ट म्हणजे मूळ शॉकअप मूळ स्प्रिंगसाठी बेतलेला असतो. कडक स्प्रिंग दबल्यावर जास्त जोराने उसळते, आणि तिला आवरायला लागणारा रिबाउंड, म्हणजे उसळी रोखणारा विरोध, त्या शॉकअपमध्ये नसतो. गतिरोधक ओलांडला की गाडी एकदा खाली, एकदा वर आणि मग आणखी एकदा उगाचच डुलते. "मूळ शॉकअपवर चालतात" हे खोक्यावरचं वाक्य खोटं नाही, चालतात. चांगल्या चालतात असं त्यांनी म्हटलेलं नाही. दुसरा तारा या वाक्यापायी गेला.

अलाइनमेंटचं थोडक्यात सांगते. पुढचा कॅम्बर जवळपास शून्यावरून उणे अर्धा अंशापर्यंत गेला, मागचा उणे सव्वाच्या आसपास होता तो उणे दोनवर. या गाडीला मागे टो (वरून पाहता चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत तो कोन) बदलता येतो, कॅम्बर मूळ भागांत बदलता येत नाही. त्यासाठी लांबी बदलता येणारे आर्म वेगळे घ्यावे लागतात, आणि ते कोणी स्प्रिंगांच्या किमतीत धरत नाही. टायरची आतली कड खाल्ली गेली की लोक कॅम्बरला शिव्या घालतात. निम्म्याहून अधिक वेळा चोर टो असतो. स्प्रिंग बदलली की टो बदलतोच. अलाइनमेंट न करता फिरायचं असेल तर नवे टायर मागवूनच ठेवावेत.

हेडलाइटचा झोतही तपासावा. माझी गाडी मागून कमी आणि पुढून जास्त उतरली होती, म्हणजे झोत रस्त्यावर जवळ पडायचा. स्वयंचलित लेव्हलिंग असलेल्या गाड्यांत सस्पेन्शनला एक सेन्सर जोडलेला असतो. त्याला नवी उंची शिकवावी लागते, आणि मूळ उंचीवर परत आलात की पुन्हा शिकवावी लागते. आईचं मतही नोंदवते, कारण शेजारच्या सीटवर तीच जास्त बसते : "बसायला जमतं गं, उठायला दोघं लागतात."

आता परत वर आणण्याकडे वळते. मूळ स्प्रिंगा मी काढल्या दिवशीच प्रत्येकीला चिठ्ठी बांधून ठेवल्या होत्या : पुढची डावी, पुढची उजवी, मागची डावी, मागची उजवी. पडून राहिल्याने स्प्रिंग बसत नाही, भाराखाली बसते, त्यामुळे त्यांची काळजी नव्हती. काळजी होती ती बंप स्टॉपची. अनेक संचांच्या सूचनांत मूळ बंप स्टॉप अमुक इतका कापा असं लिहिलेलं असतं, म्हणजे थोडा प्रवास परत मिळतो. माझ्या संचातही होतं. मी मूळचे तसेच ठेवले आणि कापायला दुसरे घेतले. कापलेला फोम परत वाढत नाही. मूळ उंचीवर मूळ स्प्रिंग आणि वर कापलेला बंप स्टॉप अशी गाडी खोल खड्ड्यात शॉकअपचं पोट आपटते. जुनी, पूर्वी खाली घेतलेली आणि विकण्याआधी वर आणलेली गाडी घेत असाल तर बूट वर करून हे नक्की बघा. उंची बरोबर दिसते, फोम अर्धा असतो.

स्प्रिंग बदलणं हे काम घरच्या घरी होण्याजोगं आहे, पण स्प्रिंग कॉम्प्रेसर हे खेळणं नव्हे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हाड मोडण्याइतकी ताकद साठलेली असते. दोन्ही हुक समोरासमोर, दोन्ही स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून, आणि तोंड कधीही वरच्या नटच्या रेषेत आणायचं नाही. मूळ स्प्रिंग लांब असल्याने परत टाकताना जास्त दाबावी लागते. लोअरिंग स्प्रिंग बसवताना सोपं गेलं म्हणून परतीला निष्काळजी राहू नये. दांड्यावरचा नट इम्पॅक्ट गनने (धक्के देत फिरवणाऱ्या यंत्राने) सोडू नये. दांडा आत फिरत राहतो आणि सीलची वाट लागते. दांडा ॲलन कीने धरून नट पान्याने फिरवायचा. स्प्रिंगचं खालचं टोक ती ज्या वाटीत बसते तिच्यातल्या खाचेला नेमकं टेकलं पाहिजे. बोटभर मागे राहिलं तरी पहिल्याच खड्ड्यात "टण्" आवाज करून ती आपली जागा स्वतः शोधते, आणि आपण आठवडाभर आवाज कुठून आला ते शोधत बसतो. लॉकनट नवे घ्यावेत. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणाऱ्या बोल्टच्या जागी आधीच रंगाची रेघ मारून ठेवावी, कारण तिथल्या ढिलाईत कॅम्बर इकडचा तिकडे होतो.

हे सगळं माझ्या यादीत होतं. काम मात्र मी एका गॅरेजकडे दिलं, कारण माझ्याकडे लिफ्ट नाही. गाडी घरी आणली, ढकलली, हलवली, टेप लावली. पुढचे दोन्ही आकडे मूळ नोंदीला एक-दोन मिमीच्या आत. मागचे दोन्ही ५ मिमी कमी. स्प्रिंगा त्याच, टायर तेच, इंधन तेवढंच.

कारण बुशमध्ये होतं. आर्मच्या टोकाला जो रबरी बुश असतो त्याचं आतलं नळकांडं बोल्टने चेसिसला घट्ट आवळलेलं असतं, आणि बाहेरचं आर्ममध्ये बसलेलं. आर्म वरखाली होतो तेव्हा काही सरकत नाही, मधलं रबर पिळलं जातं. म्हणून तो बोल्ट गाडी आपल्या उंचीवर असतानाच शेवटचा कसायचा, म्हणजे उभ्या गाडीत रबरावर पीळ शून्य राहतो. स्प्रिंगा लावताना मी हे करून घेतलं होतं : मागचे आर्म खालच्या उंचीवर ढिले करून पुन्हा कसले होते. परतीच्या वेळी गॅरेजने त्यांना हातच लावला नाही. रबराच्या लेखी गाडी अजून खालीच होती. ते तिला तिकडे ओढत होतं, आणि मूळ स्प्रिंग त्याच्याशी झुंजत होती. असं चालवत राहिलं तर बुश लवकर फाटतो, शिवाय मागची बाजू विनाकारण कडक लागते.

अलाइनमेंट करणारे काका जुने जाणकार आहेत. मी आकडे सांगायच्या आधीच त्यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "ताई, मागचे बोल्ट ढिले केले होते का हो त्यांनी?"

"नाही काका, तेच करायला आलेय."

"मग आधी ते करू. आत्ता अलाइनमेंट केलं तर परवा परत यावं लागेल तुम्हाला."

चार खांबी रॅम्पवर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी होती. त्यांनी लांब पाना लावून पहिला बोल्ट सोडला, आणि "ठक्" असा आवाज होऊन मागचा कोपरा आमच्या डोळ्यांदेखत किंचित उचलला गेला. सगळे बोल्ट सोडले, गाडी हलवून बसू दिली, मग टॉर्क पान्याने कसले. टेप लावली : मागे दोन्ही बाजूंना मूळ आकडा, एका मिमीचा फरक. असा रॅम्प नसेल तर आर्मखाली जॅक लावून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर आपल्या नोंदीइतकं होईपर्यंत उचलावं आणि तिथे कसावं. आधीची नोंद नसेल तर हे करणार कशावरून? त्यासाठीच सुरुवातीला एवढं मोजून ठेवायचं. शेवटी टो जुळवला, स्टिअरिंग अँगल सेन्सरचं शून्य नव्याने शिकवलं, झोत तपासला.

एक गोष्ट मी मूळ स्थितीला नेली नाही. पुढच्या स्ट्रटला कॅम्बर बदलता येणारे बोल्ट टाकले आणि दोन्ही बाजूंना उणे एक अंश ठेवला. आणि मग कळलं की स्प्रिंगांच्या नावावर मी जे जमा करत होते, ते नाक चटकन वळणं, त्यातलं बहुतेक या एका अंशातून मिळतं. मूळ उंची, मूळ स्प्रिंग, मूळ शॉकअप, पुढे थोडा कॅम्बर आणि चांगले टायर, अशी गाडी खडबडीत वळणावर आधीपेक्षा वेगाने आणि जास्त निर्धास्तपणे जाते, कारण चाकाला वरखाली व्हायला जागा आहे. गुळगुळीत ट्रॅकवर लोअरिंग स्प्रिंगा अजूनही सरस वाटतील, ते नाकारत नाही. तिथे कडकपणा खपतो. फटीचं म्हणाल तर ती परत आली आहे आणि अजूनही खटकते.

मग कोणी घ्याव्यात? कडक स्प्रिंगला साजेसे, थोडे आखूड शॉकअप सोबत घेणार असाल, मागचे बदलते आर्म आणि अलाइनमेंट खर्चात धरलं असेल आणि गाडी गुळगुळीत रस्त्यावरच राहणार असेल, तर जरूर घ्या. एवढं करायचं नसेल आणि फक्त दिसण्यासाठी हवं असेल तरी घ्या, दिसतात झकास. पण मग १५ मिमीच्या आसपासचा संच शोधा, ३० चा नको. मूळ स्प्रिंग कापून आखूड करण्याचा सल्ला कोणी देत असेल तर त्याच्याकडे गाडी देऊ नका. कापलेली स्प्रिंग चाक लटकलं की वाटीतून सुटू शकते.

माझा संच विकायला काढला आहे. चौकशीला पहिला फोन आला त्या मुलाने विचारलं, "ताई, नक्की किती खाली जाते?" मी सांगितलं, पुढे ३१, मागे २२, चाकाच्या मध्यापासून मोजून. तो म्हणाला, "पण खोक्यावर तर पंचवीस लिहिलंय." मी त्याला चारही चाकांच्या नोंदींचा कागद पाठवला, आणि सोबत बजावलं की आधी स्वतःच्या गाडीचे आकडे घे, मग ये. त्याने अजून मोजलेले नाहीत, त्यामुळे खोकं इथेच आहे.